आठ वर्षांची शिक्षा

१

पेटीला कुलूप नव्हतं, नुसती कडी होती. बुधवारी सकाळी शफिकुलनं पोलिसांसमोर ती कडी काढली, वरचा टॉवेल बाजूला केला, लेकीचा फ्रॉक बाजूला केला आणि मग सगळी पेटीच जमिनीवर पालथी केली. कागदांची निळी फाईल तिच्यात नव्हती.

"इधर ही था, साहब," तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. हवालदारानं दंडाला धरून त्याला जीपमध्ये बसवलं. सगळं मिळून दहा मिनिटं लागली असतील. शेडमधल्या कोंबड्यांना सकाळचं खाद्यही पडलं नव्हतं.

हे मी पाहिलेलं नाही. शफिकुलच्या बायकोनं, मर्जिनानं, माझ्या ओट्यावर उभं राहून सांगितलं. तिच्या एका पायात चप्पल होती, दुसरा पाय अनवाणी होता. सहा वर्षांची तुहिना आईच्या पदराचा बोळा तोंडात कोंबून शेजारी उभी होती. पोर माझ्याकडे रोज बाराखडी गिरवायला येते. एरवी तिची टकळी थांबत नाही. त्या दिवशी ती एक अक्षर बोलली नाही, आणि मला पहिली भीती वाटली ती तिथे.

मी एलिझाबेथ साळवे. पुणतांब्याच्या अलीकडे आमचं गाव. इथल्या शाळेत एकतीस वर्षं मी हिंदी शिकवली. गाव मला बाई म्हणतं आणि माझ्या तोंडाला घाबरतं. दोन्ही गोष्टी मी कष्टानं मिळवल्या आहेत. मर्जिना माझ्याकडे आली याचं कारण माझा चांगुलपणा नव्हे. तिच्या मोडक्या हिंदीला धड हिंदीत उत्तर देणारं गावात दुसरं कोणी नव्हतं.

गेल्या वर्षापासून बांगलादेशी शोधण्याची मोहीम जोरात होती. आज या वीटभट्टीवरून चार उचलले, उद्या त्या बांधकामावरून सहा, अशा बातम्या रोज मोबाईलवर येत. शफिकुल मालदा जिल्ह्यातला, म्हणजे बंगालमधला, म्हणजे आपल्याच देशातला. पण तो बोलतो तीच भाषा सरहद्दीपलीकडेही बोलतात. आता त्यानं कागदानं सिद्ध करायचं होतं की तो अलीकडचा आहे.

"शनिवार सुबह दस बजे गाड़ी जाएगा," मर्जिना म्हणाली. "बॉर्डर का गाड़ी. असली कागज नहीं दिखाया तो उसको उधर फेंक देगा. बाई, उधर हमारा कोई नहीं है."

बुधवारचे अकरा वाजले होते. माझ्या हातात तीन दिवससुद्धा नव्हते.

२

छगन थेटे यांची पोल्ट्री गावापासून पाऊण मैलावर आहे. अंड्यांच्या चौदा हजार कोंबड्या, तीन शेड, आणि कडेला पत्र्याच्या खोल्या. त्यांत शफिकुलचं बिऱ्हाड आणि त्याच्याच गावची आणखी दोन बिऱ्हाडं राहतात.

पोल्ट्रीत बाहेरचं कोणीही उठून शिरू शकत नाही. चपलेला लागून रोग आत येतो, म्हणून फाटकाला कायम कुलूप असतं आणि आत शिरताना औषधाच्या पाण्यात पाय बुडवावे लागतात. मीही बुडवले. संधिवाताच्या गुडघ्यांना ते पाणी बर्फासारखं लागलं.

मी मर्जिनाला विचारलं, "फाईल शेवटची कधी पाहिलीस?"

रविवारी दुपारी, असं ती म्हणाली. सेतू केंद्रवाली निकिता मजुरांच्या कार्डाचे फॉर्म भरायला आली होती. तिनं कागद पाहिले आणि मर्जिनानंच फाईल परत पेटीत ठेवली. फाईलमध्ये काय काय होतं तेही तिनं बोटांवर सांगितलं. सासऱ्याच्या जमिनीचा जुना दस्त, शफिकुलचा जन्मदाखला, मतदारयादीचा उतारा, आणि सुरतच्या कारखान्यात नोकरीसाठी मुकादमानं हिंदीत लिहून दिलेला एक कागद.

"त्यानंतर आत कोण आलं?"

"मालिक. वो तो रोज आता है. सोमवार को टेम्पोवाला, दाना लेके. और रतनमौसी."

टेम्पोवाला म्हणजे रामहरी. शफिकुलचे दोन शेजारी तिथेच उभे होते, पण ते पुढे येईनात. एकानं खालच्या आवाजात विचारलं की आम्ही आजच पळून जावं का. मी जाऊ नका म्हटलं. पळालात तर चोर ठराल, असंही म्हटलं. पण माझ्या सांगण्यात फार जोर नव्हता. मी कोण त्यांना हमी देणारी?

रतनबाईचं नाव ऐकून मात्र मी चमकले. याच पोल्ट्रीत अकरा वर्षं तिनं अंडी गोळा केली. ही बिऱ्हाडं आली आणि छगनरावांनी तिला आणि दुसऱ्या पाच बायकांना घरी बसवलं. त्या सोमवारी ती इथे काय करत होती?

"मैं शेड में था," मर्जिना म्हणाली. "मौसी हमारा कमरा से निकला. मेरे को देखके जल्दी-जल्दी चला गया."

३

गुरुवारी मी तालुक्याच्या ठाण्यात गेले. फौजदार पंकजा ही माझी विद्यार्थिनी. शाळेत असताना ती ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांसाठी माझा ओरडा खायची. आता तिच्या कमरेला पिस्तूल होतं, तरी मला पाहून ती उभी राहिली.

"बाई, माझ्या हातात फार नाही," ती म्हणाली. "तक्रार आली. ती वरही गेली, आणि कोणीतरी मोबाईलवर फोटो काढून गावभर केली."

तिनं मला ते पत्र दाखवलं. पाकिटावर सोमवारचा शिक्का. डाव्या हातानं लिहिल्यासारखी वाकडी अक्षरं, खाली नाव नाही. मराठीत लिहिलं होतं: 'सदर इसम शफिकुल हा बांगलादेशी असल्याचा दाट संशय आहे. त्यास मालदा येथे आठ वर्षांची शिक्षा झालेली आहे. तरी त्वरित चौकशी व्हावी.'

"कसली शिक्षा? गुन्हा कुठला?"

"तेच पत्रात नाही. मालद्याला विचारलंय, उत्तर यायचंय. पण बाई, त्यानं स्वतः कबूल केलं. हवालदारानं विचारलं आणि हा लगेच हो म्हणाला, आठ साल म्हणाला. अगदी मान वर करून. असा कैदी मी पाहिला नाही."

मला आत जाऊ दिलं नाही. गजांच्या खिडकीतून तो लांबून दिसला. गुडघे पोटाशी घेऊन भिंतीकडे तोंड करून बसला होता. मी हाक मारली तेव्हा त्यानं दचकून डोक्यावर हात घेतले.

"मूळ कागद आणा," पंकजा हळूच म्हणाली. "झेरॉक्स नको, मोबाईलमधला फोटो नको. मूळ कागद असले तर मी साहेबांशी भांडेन. नसले तर शनिवारी दहाला त्याला गाडीत बसवायची सही माझीच असेल."

परतताना एसटीत माझ्या मनाला किडा लागला. तीन वर्षं मी त्या माणसाच्या लेकीला मांडीवर घेत होते. तो आठ वर्षं तुरुंगात होता, आणि मला कोणी बोललं नाही? मी एका गुन्हेगारासाठी धावत होते का? खोटं कशाला सांगू, एसटी गावात शिरेपर्यंत मला वाटत होतं की आपण यातून अंग काढून घ्यावं.

४

गावात दूध डेअरीसमोर वाद पेटला होता. एका बाजूला रामहरी, दुसऱ्या बाजूला छगनराव, आणि मध्ये चहा पीत तमाशा बघणारं गाव.

रामहरी वीस वर्षं ट्रक चालवून आता टेम्पोवर आलाय. तो छगनरावांकडे बोट करून ओरडत होता. "परक्यांना हाकला म्हनून मी तीनदा निवेदन दिलं, सहीनिशी! तुमी आमच्या बायकांना घरी बसवलं आन् ह्ये आनले. का? तर ह्ये कमी पैशात राबत्यात, सुट्टी मागत न्हाईत!"

"तुमच्या बायका लगीनसराईत महिनाभर येत न्हाईत त्याचं काय?" छगनराव शांतपणे म्हणाले. पांढरा शर्ट, कपाळाला बुक्का. शाळा चौथीपर्यंतच, पण वीस वर्षांपासून सोसायटीचे संचालक. "कोंबडीला रविवार कळत न्हाई, रामहरी. ही मानसं माजी हाईत. शफिकुलसाठी वकील लावायचीबी माजी तयारी हाय."

लोकांनी माना डोलावल्या. मीसुद्धा डोलावली. मग मी रामहरीला बाजूला घेतलं.

"पत्र तू लिहिलंस?"

"बाई, मी लिवलं असतं तर खाली नाव टाकलं असतं," तो उसळून म्हणाला. "मी चोरून वार करनारा न्हाई. आन् त्या गड्याशी माजं वैर न्हाई, वैर मालकाशी हाय. त्यो बिचारा लई साधा. आमी दोघं पोती उतरवताना माज्या ट्रकच्या, कानपूरच्या गप्पा हानतो. तिथं एक शिक्षा मंदिर हुतं, त्याच्या फाटकाम्होरं मी ट्रक लावायचो. शाळंची पोरं टायरची हवा सोडायची." तो हसला, आणि लगेच हसू आवरून म्हणाला, "पन तुमी त्यांची लई बाजू घेऊ नका. उद्या लोक म्हनतील, बाईंचा जन्मदाखला कुठाय?"

थट्टाच होती ती. तरी घरी जाऊन मी दार लावलं आणि ट्रंक उपसली. माझा जन्मदाखला नव्हता. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तारीख होती एक जून. माझ्या वयाच्या अर्ध्या जिल्ह्याचा वाढदिवस एक जूनलाच येतो, कारण शाळेत घालताना मास्तर तीच टाकायचे. माझा आजा याच मातीत पुरलेला आहे, आणि मी अडुसष्टाव्या वर्षी जमिनीवर कागद पसरून घाम पुसत बसले होते.

संध्याकाळी रतनबाईकडे गेले. तिनं मला आत घेतलं नाही, उंबऱ्यातच उभी राहिली.

"सोमवारी त्यांच्या खोलीत गेली होतीस?"

"गेल्ते. मग?"

"कशाला?"

"म्या काय चोर हाय का? मला वाचता येत न्हाई, बाई. कागद घिऊन काय भाकरीखाली जाळू?" तिचे डोळे भरून आले, पण आवाज तिखटच राहिला. "माजी अकरा वरसं त्या मानसांनी खाल्ली. त्यांच्यासाटी तुमी वनवन फिरताय. माज्यासाटी आल्ता का कुनी?"

मी खरंच गेले नव्हते. मी निघाले, आणि तिनं माझ्या पाठीवर दार धाडकन लावून घेतलं.

५

शुक्रवारी दुपारी मर्जिनाला त्या आठ वर्षांबद्दल विचारायला मी पोल्ट्रीवर गेले तर शफिकुलच्या खोलीचं दार सताड उघडं. चुलीवर भात शिजलेला, अजून कोमट. मर्जिना नव्हती. तुहिना नव्हती. शेजारची दोन्ही बिऱ्हाडंही गेली होती. एका दोरीवर ओले कपडे तसेच होते आणि तीन शेडांमधून कोंबड्यांचा कलकलाट चालला होता.

"मघाशी पोलिसांची गाडी नुसती रस्त्यानं गेली," छगनराव घाईघाईनं खाद्य ओढत होते, घामानं निथळत होते. "नुसती गेली हो! वळलीबी न्हाई. आन् ही समदी उसात पळाली."

उभ्या उसात बाई आणि सहा वर्षांचं पोर. तिथे साप असतात, बिबट्या असतो. आणि बाहेर येऊन ज्याच्या दारात उभं राहावं असा एक माणूस त्यांना या गावात दिसत नव्हता. मी बांधावरून हाका मारल्या. पानं सळसळली, पण ती वाऱ्यानं.

उरली होती निकिता. तिच्या सेतू केंद्रात पंख्याखाली बसून मी पाणी मागितलं. ती बी. ए. झालेली पोरगी, विषय हिंदीच. मी जरा कडकच विचारलं, "रविवारी फाईल तुझ्या हातात होती. नंतर गायब झाली. तू नेलीस?"

ती रडकुंडीला आली. "बाई, मी नुसता फॉर्म भरला. बघा ना, कॉम्प्युटरमध्ये आहे." तिनं पडदा माझ्याकडे वळवला. नाव, वडिलांचं नाव, गाव. मी चष्मा पुसून एकेक ओळ वाचली. एका ओळीवर माझी नजर अडकली. शैक्षणिक पात्रता: आठवी पास.

"हे कुठून घेतलंस?"

"सुरतच्या त्या हिंदी कागदावरून. त्यावर तसं लिहिलं होतं."

"नेमके शब्द काय होते? आठव नीट."

निकितानं डोळे मिटले. "शिक्षा, मग दोन टिंबं. आठ साल, मालदा."

तिनं डोळे उघडले. मग तिनं तोंडावर हात घेतला.

एकतीस वर्षं पाचवीच्या पहिल्या आठवड्यात मी फळ्यावर तोच शब्द लिहिला होता. मुलांनो, मराठीत शिक्षा म्हणजे दंड. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. दरवर्षी वर्ग हसायचा, दरवर्षी चार पोरं पेपरात चुकायची. शफिकुल तुरुंगात कधी गेलाच नव्हता. तो आठ वर्षं शाळेत गेला होता. हवालदारानं त्याला 'शिक्षा हुई क्या' म्हणून विचारलं असणार, आणि त्या बिचाऱ्यानं मान वर करून हो म्हटलं. घराण्यात शाळेत जाणारा तो पहिलाच असेल.

आणि मला आणखी एक गोष्ट कळली. पत्र कोणी लिहिलं ते आता मला माहीत होतं.

६

शनिवारी सकाळी आठ वाजता मी छगनरावांच्या पोल्ट्रीतल्या ऑफिसात बसले होते. आदल्या संध्याकाळी मी आले होते, पण फाटकाला आतून कुलूप होतं आणि कोंबड्यांच्या कलकलाटात माझ्या हाका त्यांना ऐकू गेल्या नव्हत्या. रात्रभर त्यांनी एकट्यानं कोंबड्यांना पाणी पाजलं होतं. डोळे लाल झाले होते. माझ्यासाठी त्यांनी थर्मासमधून चहा ओतला, मी कप बाजूला सारला.

"छगनराव, पत्र लिहिणाऱ्यानं गुन्हा कुठला ते का लिहिलं नाही, सांगू? खोटंच लिहायचं असतं तर त्यानं खून लिहिला असता, दरोडा लिहिला असता. त्याला गुन्हा माहीत नव्हता, नुसती शिक्षा माहीत होती. म्हणजे त्याला ते खरं वाटत होतं. त्यानं ते कुठेतरी वाचलं होतं."

त्यांनी हात लांब करून ऑफिसचं दार लोटून घेतलं.

"आणि ते एकाच कागदावर आहे, फाईलमधल्या. म्हणजे ज्यानं पत्र लिहिलं त्यानंच फाईल नेली. रविवार-सोमवारी बाहेरून आत आलेले चौघं. रतनबाईला वाचता येत नाही. निकितानं तोच कागद वाचला आणि आठवी पास असं बरोबर लिहिलं. रामहरी शिक्षा मंदिराच्या दारात ट्रक लावायचा, तिथे शाळा होती हे त्याला ठाऊक आहे. त्या कागदाचा तुरुंग करणारा माणूस एकच उरतो. मराठी वाचणारा, आणि हिंदी सुरू व्हायच्या आधीच चौथीतून शाळा सोडलेला."

"मंजी?" छगनराव म्हणाले. "शिक्षा मंजी तुरुंग न्हाई?"

"हिंदीत शिक्षा म्हणजे शाळा, छगनराव. तो आठ वर्षं शाळेत होता."

ते खुर्चीत मागे रेलले. त्यांचा चेहरा इतका पांढरा झाला की मला वाटलं डॉक्टर बोलवावा लागतो.

"बाई, देवाशप्पत, मला एवढं करायचं न्हवतं," शेवटी ते म्हणाले. "त्यो राहात्याला पेरूच्या बागंत चालल्ता. तिन्ही बिऱ्हाडं घिऊन. तिथं आठवड्याची सुट्टी देत्यात म्हनं. मी फाईल उचलली, कागदाबिगर त्याला कोन ठिवनार? मग त्यो कागद वाचला आन् माज्या काळजात धस्स झालं. आठ वरसं जेलात राहिलेला मानूस, आन् माजी सून, नातवंडं हितं येत्यात. वाटलं, पोलीस दम भरतील, सोडतील. मग जागचं हालनार न्हाई कुनी. सुट्टीबी मागनार न्हाई. भ्यालेलं मानूस निमूट काम करतं, बाई."

"डेअरीसमोर तुम्ही वकील लावणार होता."

"लावनार हुतो. खरंच लावनार हुतो." आणि ते खरं बोलत होते, याची मला जास्त भीती वाटली.

"फाईल जाळलीत?"

"शिक्क्याचा कागद कोन जाळतंय?" ते जवळजवळ दुखावल्यासारखे म्हणाले. ते उठले, कोपऱ्यातला लसींचा फ्रिज उघडला, बाटल्यांचा ट्रे उचलला. निळी फाईल खाली होती. मी ती हातात घेतली तेव्हा ती गारठलेली होती, आणि घड्याळात साडेआठ झाले होते.

एसटी नव्हती. रामहरीनंच मला टेम्पोत घातलं. मी वाटेत त्याला सगळं सांगितलं. त्यानं छगनरावांना एक इरसाल शिवी हासडली आणि टेम्पो असा हाणला की माझे गुडघे अजून दुखतायत.

७

आम्ही पोचलो तेव्हा गाडीचं इंजिन सुरू होतं. जाळीमागे पाचजण होते, शफिकुल खिडकीशी. पंकजानं एकेक कागद पाहिला, सुरतचा कागद पाहिला आणि खाली बसली.

"शिक्षा," ती म्हणाली. "बाई, तुम्ही हे आम्हाला शिकवलं होतं."

मग ती आत गेली आणि साहेबांशी भांडली. आवाज बाहेर ऐकू येत होता. मालद्याला फोन लागले, दस्ताचा नंबर जुळला, तिथल्या ठाण्यानंही त्याच्यावर गुन्हा नाही असं कळवलं. अकराला शफिकुलला उतरवलं. त्याच्या सुटकेच्या कागदावर पंकजानं सही केली, आणि छगनरावांवर चोरीची नोंद करायला घेतली.

गाडी बाकीच्या चौघांना घेऊन गेली. त्यांचे कागद कुठे होते, होते की नव्हते, मला माहीत नाही. मी विचारलंही नाही, कारण माझ्याजवळ एकच फाईल होती. जाळीमागून एकजण माझ्याकडे पाहत राहिला, गाडी वळेपर्यंत.

टेम्पोत शफिकुल आमच्या दोघांच्या मध्ये बसला. त्यानं एकच प्रश्न विचारला, मर्जिना कुठे आहे. मी ऊस म्हणाले. रामहरीनं टेम्पोचा वेग वाढवला.

गावाच्या वेशीवर रतनबाई उभी होती. तिनं हात करून टेम्पो थांबवला, आत डोकावून शफिकुलला नीट पाहून घेतलं, मग मला म्हणाली, "चला. माज्या घरी हाईत."

"तुझ्या घरी?"

"काल दुपारी उसातनं ओढून आनली. पोरीच्या पायाला पाचट लागलंय, रगत निघत हुतं." ती चालता चालता रागानंच बोलत होती. "आन् इचारताय म्हनून सांगते, सोमवारीबी पोरीसाटीच गेल्ते. रेवड्या ठिवायला. माजं काम गेलं त्यात तिचा काय गुन्हा? पन मालकाच्या पोल्ट्रीत जाताना कुनी बघितलं तर लोक म्हनतील, रतनी लाचार झाली."

माझी मान खाली गेली. परवा तिच्या उंबऱ्यात मी तिला चोर धरून बसले होते, आणि ते तिला कळलं होतं.

तिच्या घराचं दार आतून बंद होतं. रतनबाईनं कडी वाजवली. आतून काही हालचाल नाही. शफिकुल पुढे झाला, दाराला तोंड लावून त्यानं बायकोला हाक मारली, मग लेकीला, त्याच्या भाषेत, पुन्हा पुन्हा. आत भांडं पडल्याचा आवाज आला आणि लगेच दाबून धरल्यासारखी शांतता.

"उघडनार न्हाई," रतनबाई कुजबुजली. तिचा चेहरा उतरला होता. "म्याच बजावलंय पोरीला. कुनीबी येऊ दे, तुज्या आईच्या भाषेत बोलू दे, बापाचं नाव सांगू दे, फसायचं न्हाई. काय म्हनायचं तेबी पाठ करून घेतलंय. आन् तिच्या आईला वाटतंय, दहाच्या गाडीनं त्याला कवाच पल्याड नेलं."

शफिकुलनं पुन्हा हाक मारली. आता त्याचा आवाज फुटला होता.

तेव्हा दाराच्या फटीशी तुहिना बोलली. माझ्याकडे बाराखडी शिकलेली पोर, पण बोलणं सगळं रतनबाईचं. शब्द स्वच्छ, एकही अडखळ नाही.

"हितं बंगाली कुनी न्हाई," ती म्हणाली. "आमी हितलीच हाय. तुमी जावा."

शफिकुल दारावर तळहात ठेवून उभा राहिला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी पुढे झाले, दाराशी वाकले, आणि कुठल्या भाषेत सांगितलं तर तिला खरं वाटेल हे मला कळेना.